शंभर टक्के निकाल, पण कोणाचा?

विषय निघाला दादूच्या मुलीवरून. पोरगी जवळच्याच एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथी पास झाली. यंदा फी वाढली, व्हॅनचे पैसे वाढले, वह्या-पुस्तकं शाळेतूनच घ्यायची सक्ती तर आधीपासून आहेच. दादू रिक्षा चालवतो, त्याची बायको एमआयडीसीत पॅकिंगला जाते. पाचवीला मुलीला पालिकेच्या शाळेत घालू का, एवढंच त्याने विचारलं आणि रिक्षा स्टँडमागच्या आमच्या कट्ट्यावर रात्री उशिरापर्यंत वाद पेटला. नवी मुंबईतल्या दिघा ते रबाळे या पट्ट्यात हा प्रश्न घरोघरी आहे, म्हणून सगळं लिहून काढतोय.

पहिला बोलला पक्या. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये सुपरवायझर आहे. स्वतः पालिकेच्या शाळेत शिकला आणि म्हणूनच तिच्यावर त्याचा राग जास्त. "निकाल बघ ना. त्या शाळेच्या गेटवर फ्लेक्स लागलाय, दहावी शंभर टक्के. पालिकेच्या शाळेचा तेवढा आहे का? नाही. मग बोलायचं काय राहिलं?"

मास्तर पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेत. त्यांनी शांतपणे विचारलं, "शंभर टक्के म्हणजे किती पोरं रे?"

"एक वर्ग असेल."

"आणि नववीला किती वर्ग होते?"

पक्याला ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि शाळांचे कागद माझ्याच काचेवरून जातात. नववीला दोन तुकड्या, दहावीला एकच. मधली पोरं कुठे जातात ते सतरा नंबरच्या फॉर्मवर, म्हणजे दहावीला बाहेरून बसायच्या अर्जावर, दिसतं. नववीत कच्चं वाटलेलं पोर शाळेला निकालात नको असतं. मग पालकांना बोलावून सांगतात, दाखला घेऊन जा, बाहेरून बसवा. गेल्या वर्षी एक बाई दाखला, आधार आणि फोटो घेऊन झेरॉक्सला आली होती. मुलगा शेजारी उभा, अजून शाळेच्या शर्टात. कागद गोळा करताना तिने मला विचारलं, "आता ह्याला हा शर्ट घालता येणार नाही का?" मला काही सुचलं नाही. हा मुलगा त्या फ्लेक्सवरच्या शंभर टक्क्यांत कुठेच नाही, आणि नापासांतही नाही.

म्हणून शंभर टक्के वाचलं की मी आधी विचारतो, कोणाचे? राज्याचा 2025 चा दहावीचा निकाल 94.10 टक्के होता. पास व्हायला 35 गुण लागतात, त्यात शाळेच्याच हातातले अंतर्गत गुण असतात. जिथे जवळजवळ सगळेच पास होतात, तिथे पाच-सहा टक्क्यांच्या फरकावरून शाळा चांगली की वाईट ठरवणं मला पटत नाही. त्यातही एक शाळा निवडून घेते, निवडून काढते, आणि दुसरीला दारात आलेल्या कुणालाच परत पाठवता येत नाही.

हा मुद्दा ताईंनी धरला. ताई आमच्या कट्ट्यासमोर वडापावची गाडी लावतात. त्यांचा मुलगा पालिकेच्या शाळेत पाचवी झाला आणि त्या स्वतः शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. "आमच्या शाळेत जूनला जो वर्ग असतो तोच मार्चला नसतो," त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर गावाकडून माणसं येतात. जालना, बीड, वाशीम. नाक्यावर उभी राहतात, साइटवर राहतात. पोरं शाळेत येतात. काही होळीपर्यंत टिकतात, काही त्याआधीच निघून जातात. तांड्यावरनं आलेलं बंजारा पोर घरी त्यांची गोरमाटी बोली बोलतं, त्याला मराठी पुस्तकाचं पहिलं पान समजायलाच दोन महिने जातात. बाईंनी काय करायचं?"

2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. वयाचा दाखला नाही किंवा वर्ष अर्धं सरलं म्हणून मुलाला नाकारायचं नाही, वयाप्रमाणे त्याच इयत्तेत बसवायचं आणि मागे राहिलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं, असं त्यात आहे. म्हणजे कधी शाळेचं तोंड न पाहिलेली नऊ वर्षांची मुलगी चौथीत बसते. कायदा बरोबरच आहे. पहिलीत सहा वर्षांच्या पोरांशेजारी तिला बसवलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी आली नसती. पण ते वेगळं शिकवायला वेगळं माणूस लागतं, आणि ते बहुतेक वेळा नसतं. वर्गातल्याच बाई ते करतात, जमेल तसं.

"झालं," पक्या म्हणाला. "पोरं गरीब, पोरं बाहेरची, पोरं मधेच आलेली. हेच मी लहानपणापासून ऐकतोय. आमच्या वर्गाला एक सर होते, सरळ म्हणायचे, तुम्ही शेवटी हमालीच करणार. आई-बाप अडाणी आहेत म्हणून पोराकडून काही मागायचंच नाही, ही कसली माया? गरिबीच्या नावाखाली शाळेला किती दिवस माफी देणार तुम्ही?"

यावर कट्टा जरा थांबला. मला विचाराल तर त्या रात्रीचं सगळ्यात खरं वाक्य हेच होतं. वस्तीतल्या शाळेची बाजू घेणारे आपण लोक नकळत पोरांची लायकी कमी धरतो. पोरं शाळेत येतात, खिचडी खातात, भांडत नाहीत, यावरच समाधान मानतो. एखाद्या सोसायटीतल्या पालकाला सांगून बघा, तुमचा मुलगा पाचवीत वाचू शकत नाही पण उपस्थिती छान आहे. तो ऐकून घेईल का?

मास्तरांनी मग 1966 चा एक अमेरिकन अभ्यास काढला. बीएडच्या वेळी वाचलेला. जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली तिथल्या सरकारसाठी सहा लाखांवर मुलांची पाहणी झाली. निघालं असं, की मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या इमारती आणि खर्चापेक्षा घरच्या परिस्थितीवरून जास्त ठरतो.

"घ्या! म्हणजे शाळेने काही केलं तरी फरक पडत नाही," पक्या म्हणाला.

"पुढचं ऐक. त्याच अहवालात असंही आहे, की ज्यांच्या घरात आधार कमी, त्या मुलांचं शाळेवाचून जास्त अडतं. सोसायटीतल्या पोराला शाळा वाईट मिळाली तर क्लास आहे, आई आहे, घरात पुस्तकं आहेत. आपल्या पोराला शाळा वाईट मिळाली तर दुसरं काहीच नाही."

दोन्ही गोष्टी एकदम धराव्या लागतात. नुसता शेवटचा निकाल पाहिला तर बऱ्याचदा आपण पोराचं घरच मोजतो, शाळा नाही. आणि घरावर बोट ठेवून शाळेला सोडून दिलं, तर जिथे शाळेची गरज सगळ्यात जास्त तिथेच तिला जाब विचारत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की वस्तीतल्या शाळेबद्दल दोन गोष्टी शेजारी शेजारी विचाराव्यात. पोर कुठून निघालं, आणि कुठे पोचलं. एकीवरून दुसरी झाकायची नाही.

दादू कंटाळला होता. "तुमचं अमेरिकेचं राहू द्या. मी बघू काय? आत जाऊन बघू काय?"

"वह्या बघ," मास्तर म्हणाले.

त्यांनी ते शब्दशः घ्यायला लावलं. दादूची मुलगी बापाला जेवायला बोलवायला आलीच होती, तिला गणिताची जुनी वही आणायला पाठवली. ताईंच्या मुलाची वही गाडीखालच्या रद्दीत होती, पाव बांधायला काढलेली. दोन्ही वह्या स्टँडच्या दिव्याखाली उघडल्या.

मुलीची वही देखणी. ब्राउन कव्हर, लेबल, समास आखलेला, अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक पानावर लाल टिक आणि खाली सही. मास्तरांनी एका पानावर बोट ठेवलं. 52 वजा 27, उत्तर 35. शेजारी लाल टिक. हातचा घ्यायचा असतो हे पोरीला कळलेलं नाही, तिने सरळ मोठ्यातून लहान आकडा वजा केलाय, सातातून दोन गेले पाच. पुढच्या पानावर तीच चूक, तीच टिक. म्हणजे सही करणाऱ्याने पान पाहिलं होतं, गणित पाहिलं नव्हतं. दादू ते पान बराच वेळ बघत होता. एवढी फी भरून त्याने हे पहिल्यांदाच पाहिलं.

ताईंच्या मुलाची वही कव्हर नसलेली, कोपरे दुमडलेले, मधे तेलाचा डाग. तशाच एका वजाबाकीला गोल केलेला, वर बाईंनी लिहिलेलं "हातचा?", आणि खाली पोराने तेच गणित पुन्हा केलेलं. एकदा चुकलं, परत केलं, मग बरोबर. पुढच्या पानावर अशीच चार गणितं, चारही बरोबर. हे पान बघून मला त्या न पाहिलेल्या बाईंबद्दल आदर वाटला. पस्तीस-चाळीस पोरांच्या वर्गात एकेकाची चूक हेरून ती त्याच्याचकडून दुरुस्त करून घेणं सोपं काम नाही.

पण पक्याने वही हातात घेतली, पानं पुढे उलटली आणि ताईंसमोर धरली. "हे काय?" नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबर संपेपर्यंत गणिताचं एकही पान नाही. तारखा सरळ उडी मारून जानेवारीत.

"बाई निवडणुकीच्या कामाला होत्या," ताई म्हणाल्या. "वर्ग शेजारच्या बाईंकडे. दोन वर्ग एका खोलीत. त्या तरी काय शिकवणार, गप्प बसवायच्या."

कायदा सांगतो, पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन, प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक. त्याच कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती आणि निवडणूक या कामांना शिक्षक घ्यायची मुभा देतं. खासगी शाळेतही अशा ड्यूट्या येतात, पण आमच्याकडे बोजा पालिकेच्या शाळेवरच जास्त पडतो हे कोणीही सांगेल. त्यात जागा रिकाम्या, काही शिक्षक ठोक मानधनावर, ते मधेच सोडून जातात. पक्याचा राग मला इथे शंभर टक्के पटला. घरी आई-बाप शिकवू शकत नाहीत अशा पोराचे दीड महिने गेले म्हणजे ते गेलेच. शाळेतल्या बाई चांगल्या असूनही गेले. याचा जाब बाईंना विचारायचा नाही, पालिकेला आणि सरकारला विचारायचा, पण विचारायचा नक्की. आणि हे दीड महिने कुठल्याही निकालाच्या आकड्यात दिसत नाहीत. त्या वहीत मात्र दिसले.

मग मी मोबाइलवर सरकारी आकडे शोधायला लागलो, तर मास्तर म्हणाले, नको शोधू, आपल्या शाळेचं काही सापडणार नाही. असर म्हणून जे सर्वेक्षण येतं, घरोघर जाऊन पोराला दुसरीचा उतारा वाचायला देतात ते, ते खेड्यांत होतं. आपण शहरात, त्यामुळे त्यात नाही. केंद्राचं परख सर्वेक्षण डिसेंबर 2024 मध्ये झालं, तिसरी, सहावी आणि नववीचं. ते काही निवडक शाळा घेऊन जिल्ह्याचं चित्र सांगतं. ठाणे जिल्ह्यात घोडबंदरच्या टॉवरमधली शाळा आणि आपली शाळा एकाच आकड्यात. यूडायस प्लस या सरकारच्या शाळा-माहितीच्या साइटवर शाळा सापडते, पण तिथे खोल्या, संडास, नळ, संगणक, पट आणि शिक्षक. हे सगळं असायलाच हवं, पोरींच्या संडासाला कडी नसली तर सातवीनंतर पोरी यायच्या थांबतात. पण हातच्याची वजाबाकी येते का, ते तिथे कळत नाही.

"मग सरकारने प्रत्येक शाळेची परीक्षा घ्यावी आणि आकडा दारावर लावावा," पक्या म्हणाला. "खाली असेल त्याचा पगार कापा."

हे ऐकायला बरं वाटतं. पण आकड्याला पगार किंवा अनुदान बांधलं की आकडाच फुगतो, हे आपल्या राज्याने पाहिलंय. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा हजेरीपटावर असलेली पण प्रत्यक्षात नसलेली मुलं लाखोंच्या घरात निघाली. पटावर तुकड्या, तुकड्यांवर शिक्षकांच्या जागा आणि अनुदान, मग पट कोण कमी दाखवेल? अमेरिकेत 2002 च्या कायद्याने दरवर्षी चाचण्या लावल्या आणि कमी पडणाऱ्या शाळांवर कारवाईची टांगती तलवार ठेवली. अटलांटा शहरात शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी पोरांच्या उत्तरपत्रिकांवरची उत्तरं खोडून दुरुस्त केली. 2015 मध्ये त्यातले अकरा जण कोर्टात दोषी ठरले. त्या पोरांना वाचता येत नव्हतं ते नव्हतंच, वर ते कळायचीही सोय राहिली नाही.

ताईंचं डोकं मात्र वेगळीकडे चाललं होतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. आमच्याकडे बऱ्याच समित्या सह्यांपुरत्या असतात. रजिस्टर घरी येतं, अंगठा किंवा सही, चहा, झालं. ताई म्हणाल्या, "एकच कागद करू. एक उतारा, दोन वजाबाक्या, एक भागाकार. जूनला प्रत्येक पोराकडून करून घ्यायचा, मार्चला परत तोच. मधे आलेल्या पोराचा ज्या दिवशी आलं त्या दिवशी. मग कळेल ना किती पुढे गेलं?"

मी झेरॉक्स फुकट द्यायचं कबूल केलं. मास्तरांनी लगेच दोन अटी घातल्या. पोरांची नावं फळ्यावर लावायची नाहीत. आणि तो कागद वर ऑफिसला पाठवायचा नाही, शाळा आणि पालक यांच्यातच ठेवायचा, नाहीतर मार्चच्या आदल्या आठवड्यात सगळ्या वर्गांत फक्त तेवढ्याच दोन वजाबाक्या होतील. पक्याला दुसरी अट बिलकूल पटली नाही. वर पाठवायचं नाही तर त्या रिकाम्या जागांचं काय, ते कोणाला दाखवणार? यावर ते दोघं अजूनही भांडतायत आणि मला दोघांचंही बरोबर वाटतं. निदान पोरांचं नाव न देता "इतके आठवडे वर्गाला बाई नव्हत्या" एवढं तरी समितीने लेखी द्यायला हवं, इतपत माझं मत झालंय.

राहिला दादू. त्याचा प्रश्न आमच्यासारखा नाही. शाळा तिच्या परिस्थितीत चांगलं काम करते का, हा पालिकेने विचारायचा प्रश्न. माझी मुलगी तिथे शिकेल का, हा बापाचा. मास्तरांनाही हे मान्य करावं लागलं. एखादी शाळा कोऱ्या पाटीच्या पोराला चौथीपर्यंत वाचतं करते, मोठं काम करते, पण ज्या पोरीला आधीच वाचता येतं तिला पुढे न्यायला त्या बाईंना वेळच उरत नाही, असंही होऊ शकतं. शिवाय इंग्रजीचं काय? खासगीत पोरगी चार वाक्यं फाडफाड बोलायला शिकली, ती पाठ केलेली असोत, घरी पाहुणे आले की बायकोला बरं वाटतं. पालिकेत सेमी आहे, गणित-विज्ञान इंग्रजीतून. पालिकेच्या सीबीएसई शाळा आहेत, पण सीवूड्सला आणि कोपरखैरणेला, रोजची ने-आण कोण करणार? आरटीईच्या, म्हणजे त्याच शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब घरच्या पोरांसाठी राखलेल्या 25 टक्क्यांतला प्रवेश सुरुवातीच्याच वर्गाला मिळतो, पाचवीला नाही. ते दार बंद.

शेवटी दादूने स्वतःच चार प्रश्न ठरवले. पाचवीला कोणत्या बाई आणि त्या वर्षभर राहणार का. वर्गात खरी किती पोरं. बाई नसल्या की वर्ग कोण घेतं. आणि गेल्या वर्षीच्या पाचवीच्या तीन-चार वह्या दाखवा, तुम्ही निवडलेल्या नकोत, मी उचलेन त्या. पक्या म्हणाला, हेच चार प्रश्न त्या फ्लेक्सवाल्या शाळेतही विचारू, आणि पाचवा मी विचारतो, नववीला किती आणि दहावीला किती. मी येतो बरोबर.

"तिथे तुम्हाला गेटच्या आत घेणार नाहीत," ताई म्हणाल्या. "आधी आमच्याकडे या. बारा ते साडेबाराला या, सकाळची पाळी सुटते तेव्हा. दुपारची भरली की मुख्याध्यापिका बाई वर्गावर असतात, त्यांच्याकडेही एक वर्ग आहे."